बीपी तर सगळ्यांनाच असतं, सिस्टर!

या आठवड्याचं पत्र मिरजेहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

‘मी एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. शाळा मराठी माध्यमाची, नंतर नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा. मेडिकल वॉर्डात बरीच वर्षं काढली, काम येतं. आता इंग्लंडला जायचं ठरलंय म्हणून ओईटीचा, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचा, क्लास लावलाय. वाचन-लेखन जमतं, पण बोलताना ‘हॅव’ आला की मी अडखळते. रोल-प्लेमध्ये सत्तरीच्या आजींबद्दल मी म्हटलं, “माय पेशंट इज हॅविंग टू डॉटर्स.” सर म्हणाले, “अभिनंदन, जुळ्या!” सगळा क्लास हसला, मला काही कळलं नाही. नंतर ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची सूचना म्हणून मी “यू डोन्ट हॅव टू ईट आफ्टर मिडनाइट” म्हटलं. तेव्हा सर हसले नाहीत, नापासच म्हणाले. त्यांनी ‘हॅव’च्या अर्थांचे चार पानी झेरॉक्स दिलेत. खाणे, पिणे, असणे, घेणे, सोसणे, करवणे... पाठ होत नाहीत. “जवळ असणे” एवढी साधी गोष्ट, तिचा एवढा पसारा कशाला? आणि शाळेतल्या बाई “आय हॅव गॉट” चूक म्हणायच्या, इथे तर सगळे तेच बोलतात. मी काय करू? – एक सिस्टर’

सिस्टर, तुम्ही सहीच तशी केलीत म्हणून मीही तेच म्हणते. पण तिकडे गेल्यावर स्वतःची ओळख तशी करून देऊ नका. आपल्याकडे वॉर्डातली प्रत्येक नर्स सिस्टर असते. इंग्लंडात ‘वॉर्ड सिस्टर’ म्हणजे अख्खा वॉर्ड सांभाळणारी वरिष्ठ नर्स. पहिल्याच दिवशी ‘आय अ‍ॅम सिस्टर अमुक’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, ही आली तीच बढती घेऊन.

आता ते चार पानी झेरॉक्स घडी घालून ठेवून द्या. तुमच्या सरांची मेहनत वाया गेली असं नाही, पण त्या यादीने तुमचा घोळ वाढवलाय. ‘हॅव ब्रेकफास्ट’मध्ये ‘हॅव’चा अर्थ खाणे, ‘हॅव अ बाथ’मध्ये अंघोळ करणे, ‘हॅव अ बेबी’मध्ये बाळंत होणे, अशी ती यादी चालते. प्रत्यक्षात खाणं ब्रेकफास्टमध्ये आहे, अंघोळ बाथमध्ये आहे आणि बाळंतपण बेबीमध्ये. ‘हॅव’ ही नुसती खुंटी. तिच्यावर काय टांगलंय ते बघायचं, खुंटीचे अर्थ पाठ करायचे नाहीत. इंग्रज माणूस बसणंसुद्धा तिथे टांगतो (‘हॅव अ सीट’), रडणंही (‘हॅव अ क्राय’), पडणंही. ‘शी फेल’ म्हणता येतंच, पण वॉर्डात तुम्हाला जास्त ऐकू येईल ते ‘शीज हॅड अ फॉल’. आजी पडल्या, म्हणजे त्यांच्या खाती एक ‘फॉल’ जमा झाला, अशी ही मांडणी आहे.

आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण मराठीत असं क्रियापदच नाही. ‘बाळगणे’ आहे, पण बाळगायची ती भीती, नाहीतर शस्त्र. मुली कोणी बाळगत नाही. आपण सगळा कारभार ‘आहे’वर चालवतो आणि जवळीक किती, कशी, ते विभक्तीने दाखवतो. मला दोन मुली आहेत. माझ्याकडे सहा पेशंट आहेत. माझ्याजवळ सुटे पैसे आहेत. अंगात ताप आहे, हाताला सलाइन आहे, खोलीला एकच खिडकी आहे. मुली ‘मला’ असतात, पेशंट ‘माझ्याकडे’. ‘माझ्याकडे दोन मुली आहेत’ म्हटलं की ऐकणारा विचारेल, कोणाच्या? शिकवणीला येतात का? एवढा बारीक भेद तुम्ही न शिकता करता, आणि इंग्रज तो सगळा एका ‘हॅव’मध्ये कोंबतो. म्हणजे पसारा त्यांच्याकडे आहे की आपल्याकडे, हे ठरवणं तितकं सोपं नाही. या शब्दाचं मूळ शोधत गेलं तर ते पकडणे, हस्तगत करणे या अर्थाच्या धातूपाशी पोचतं. ज्यांच्या भाषेत ‘असणं’ हे मुळात ‘पकडून ठेवणं’ आहे, ते डोकेदुखीही पकडून ठेवणारच.

मग ‘मला अमुक आहे’चं ‘आय हॅव अमुक’ केलं की झालं ना? बहुतेक वेळा होतं. फसतं ते त्या ‘अमुक’मध्ये. ‘मला बीपी आहे, शुगर आहे, थायरॉइड आहे’ हे कुठल्याही ओपीडीत दिवसभर ऐकू येतं आणि आपल्याला लख्ख कळतं. तेच ‘आय हॅव बीपी अँड थायरॉइड’ म्हणून लंडनच्या डॉक्टरला सांगा. तो मान डोलावेल आणि पुढच्या वाक्याची वाट बघेल. बीपी सगळ्यांनाच असतं. नसेल तर क्रॅश टीम, म्हणजे जीव वाचवायला धावणारं पथक, बोलवावी लागते. थायरॉइडही प्रत्येकाच्या गळ्यात आहेच. तिथे ‘हाय ब्लड प्रेशर’, ‘अ‍ॅन अंडरअ‍ॅक्टिव्ह थायरॉइड’, ‘डायबेटीस’ असं पूर्ण नाव घ्यावं लागतं. उलटी गंमत ‘टेम्परेचर’ची. ‘ही हॅज अ टेम्परेचर’ म्हणजे त्याला ताप आहे. तिथे मात्र इंग्रजाला प्रश्न पडत नाही, की तापमान कोणाला नसतं! आपण ‘बीपी आहे’ म्हणतो तीच सवय, फक्त वेगळ्या शब्दावर बसलेली. त्यामुळे कोणी हसलं तर फार मनावर घेऊ नका.

आता जुळ्यांचा विनोद. आपण मराठी माणसं ‘आहे’ दिसला की ‘-इंग’ लावतो. ‘आय अ‍ॅम हॅविंग फीवर’, ‘शी इज हॅविंग डायबेटीस’, ‘वुई आर हॅविंग थ्री ब्रांचेस’. सबंध देशात हे चालतं, म्हणून कानाला खटकत नाही. इंग्लंडातल्या कानाला मात्र ‘हॅविंग’ म्हणजे काहीतरी घडतंय असं ऐकू येतं. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला मूल होणार आहे. मग ‘हॅविंग टू डॉटर्स’ म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा! सत्तरीच्या आजी, आणि होणार दोन मुली. सरांनी हसण्याआधी एवढं समजावून सांगितलं असतं तर तुम्हालाही हसता आलं असतं. घडणाऱ्या गोष्टीला ‘-इंग’ बिनधास्त लावा: ‘हीज हॅविंग हिज लंच’, ‘शीज हॅविंग अ स्कॅन’, ‘हीज हॅविंग अ फिट’, म्हणजे त्याला आकडी आली आहे, धावा. छातीत राहून राहून कळा येत असतील तर ‘हॅविंग चेस्ट पेन्स’ही म्हणतात, कारण तिथे काहीतरी चालू आहे. डायबेटीस चालू नसतो, तो असतो.

पण या विनोदापेक्षा तुमच्या दुसऱ्या वाक्याने मी जास्त दचकले, आणि नापास म्हणाले त्यात सरांची काही चूक नाही. त्यामुळे इथे जरा थांबते.

‘गोळी घ्यायची आहे’ म्हणजे ‘यू हॅव टू टेक द टॅब्लेट’. इथपर्यंत गाडी रुळावर आहे. मराठीतही बंधन ‘आहे’ने दाखवतात, इंग्रजीत ‘हॅव टू’ने, दोन्ही जुळतात. म्हणून आपण धीटपणे पुढे जातो आणि ‘खायचं नाही’चं ‘डोन्ट हॅव टू ईट’ करतो. नेमकं इथेच उलटं होतं. आपल्या ‘खायचं नाही’मध्ये ‘नाही’ खाण्यावर बसतो: खाणं बंद. ‘डोन्ट हॅव टू’मध्ये तो बंधनावर बसतो: सक्ती नाही, खाल्लं तरी चालेल, तुमची मर्जी. मराठीत त्याला ‘खायलाच पाहिजे असं नाही’ म्हणतात. म्हणजे तुम्ही पेशंटला सांगितलंत की रात्री बारानंतर भूक नसेल तर खाऊ नका, आग्रह नाही. त्याने पहाटे सँडविच खाल्लं, तर तो तुमचं ऐकूनच वागला. भूल देताना पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. ऑपरेशन रद्द होईल, आणि तेवढ्यावर निभावलं तर नशीब.

म्हणून मनाईच्या वाक्यात ‘हॅव’ आणूच नका. ‘यू मस्टन्ट ईट एनीथिंग आफ्टर मिडनाइट’, किंवा साधं ‘नथिंग टू ईट आफ्टर मिडनाइट, प्लीज’. पाट्यांवर आणि नोंदींत ‘निल बाय माउथ’, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही, असं असतं. पाण्याची सूचना वेगळी द्या. तिकडे साधारणपणे अन्न सहा तास आधी बंद करतात, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ते सांगताना ‘हॅव’ हवाच: ‘यू कॅन हॅव वॉटर अंटिल सिक्स’. इथे त्याचा अर्थ पिणे, असं झेरॉक्सवर लिहिलेलं असेल. पिणं पाण्यात आहे.

उच्चाराचंही सांगून टाकते, कारण ऐकण्याच्या परीक्षेत इथे घसरायला होतं. बंधनाचा ‘हॅव टू’ इंग्रज लोक ‘हॅफ्टा’ असा एकत्र म्हणतात, ‘हॅज टू’चं ‘हॅस्टा’ होतं. ‘हॅव टू टॅब्लेट्स’मधला आकडा मात्र सुटा आणि ठसठशीत येतो.

पुढचा धोका हँडओव्हरचा, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देण्याचा. आपल्याकडे पेशंट म्हणतो, ‘मी गुडघ्याचं ऑपरेशन केलं.’ सुरी कोणाच्या हातात होती असं आपण विचारत नाही. केस ‘कापले’, दाढ ‘काढली’, रक्त ‘तपासलं’, सगळं आपणच केल्यासारखं बोलायची आपली पद्धत आहे. नेमकं बोलायचं तर ‘करून घेतलं’ आहेच मराठीत, आळसाने वापरत नाही एवढंच. इंग्रजीत हा आळस महागात पडतो. ‘शी हॅज रिमूव्हड हर कॅथेटर’ असं तुम्ही पुढच्या पाळीला सांगितलंत, तर त्याचा अर्थ आजींनी लघवीची नळी स्वतः उपसून काढली. लगेच इन्सिडेंटचा फॉर्म भरायला घेतील. तुम्हाला म्हणायचंय, ‘शीज हॅड हर कॅथेटर रिमूव्हड’. वस्तू मध्ये, क्रियापद शेवटी. ज्याच्या अंगावर काम झालं तो पुढे उभा राहतो आणि करणारा पडद्याआड. हे एकदा कानात बसलं की वॉर्डभर सापडेल: ‘आय हॅड माय नी डन’, ‘शी हॅड हर गॉलब्लॅडर आउट’, ‘यू आर हॅविंग युअर स्टिचेस आउट टुमॉरो’, ‘हॅज ही हॅड हिज ब्लड्स टेकन?’ (रक्ताचं अनेकवचन बघून घाबरू नका, तपासणीसाठी घेतलेले ते नमुने.) हीच मांडणी नुकसानालाही चालते. ‘शी हॅड हर पर्स स्टोलन’ म्हणजे तिची पर्स चोरीला गेली. तिने चोर ठरवून चोरी करवून घेतली, असं कोणी समजत नाही. या वाक्यांच्या ठेवणीत करवून घेणं आणि भोगणं यांत फरकच केलेला नाही, तो ऐकणाऱ्याच्या शहाणपणावर सोडलाय. मला ही इंग्रजीची मोठी गंमत वाटते.

‘हॅव’ नसलेली मालकीही तुम्हाला रोज लागेल. आपण ‘तोंड उघडा’, ‘हात वर करा’ म्हणतो. कोणाचं तोंड, हे उघड आहे. इंग्रजीत नुसतं ‘ओपन माउथ’ तोडून टाकल्यासारखं लागतं, ‘ओपन युअर माउथ फॉर मी’ म्हणावं लागतं. प्रत्येक अवयवावर मालकाचं नाव पाहिजेच. आणि जिथे मराठीत ‘आपल्या’ आणि ‘तिच्या’ यांनी काम सोपं होतं, तिथे इंग्रजी लंगडी पडते. ‘शी गेव्ह मिसेस ब्राउन हर टॅब्लेट्स’ – गोळ्या कोणाच्या? मिसेस ब्राउनच्या, की देणाऱ्या बाईच्या? औषधांच्या बाबतीत सर्वनामावर विसंबू नका, नाव पुन्हा घ्या. कानाला रटाळ लागलं तरी चालेल.

रोगांच्या नावांतली मालकी तर आणखी मजेची. ‘पार्किन्सन्स डिसीज’मधला जेम्स पार्किन्सन हा लंडनचा डॉक्टर. त्याने 1817 साली त्या कंपाचं वर्णन लिहिलं. रोग त्याचा नव्हता, वर्णन त्याचं होतं. अमेरिकेत एका मज्जातंतूंच्या रोगाला ‘लू गेरिग्स डिसीज’ म्हणतात. तो बेसबॉलपटू, आणि त्याला तो रोग खरोखरच झाला होता. एका नावात मालकी शोधणाऱ्याची, दुसऱ्यात भोगणाऱ्याची, आणि व्याकरणात दोन्ही एकसारखे. ब्रिटिश ‘डाउन्स सिंड्रोम’ म्हणतात, अमेरिकन तो षष्ठीचा ‘स’ गाळतात. तुम्ही ब्रिटनला निघालाय तर ठेवा. लंडनमधलं ‘गायज हॉस्पिटल’ही असंच, थॉमस गाय नावाच्या गृहस्थाने 1721 साली स्थापन केलं म्हणून त्याचं. मिरजेत वॉन्लेसांचं रुग्णालय म्हणतो, तसं.

‘हॅव गॉन’, ‘हॅव ईटन’मधल्या ‘हॅव’ला मी फार वेळ देणार नाही. तो आपल्या ‘गेला आहे’मधल्या ‘आहे’चं काम करतो आणि तुम्हाला येतो. फक्त ‘हॅव यू हॅड युअर टॅब्लेट्स?’मध्ये दोन आले म्हणून गडबडू नका. पहिला हमाल, दुसरा मालक. ‘हीज हॅड टू हॅव अनदर स्कॅन’ ऐकलंत तर शेवटाकडून उलगडा: स्कॅन झाला, तो करावा लागला, आणि हे आताच घडलंय. पहिला ‘हॅज’ नुसत्या ‘ज’वर आलाय, म्हणून तो सुटून जातो.

काही गोष्टी क्लासमध्ये शिकवत नाहीत, म्हणून सांगते. ‘शीज हॅड अ फनी टर्न’ म्हणजे विनोदी काही झालेलं नाही. आजींना भोवळ आली, क्षणभर कसंसंच झालं. जाऊन बीपी बघा. ‘हीज हॅड अ फ्यू’ म्हणजे पिऊन आलाय. ‘द पंप्स हॅड इट’ म्हणजे पंप कामातून गेला, पण ‘आयव्ह हॅड इट’ असं कलीग म्हणाली तर ती वैतागली आहे. ‘आर यू हॅविंग मी ऑन?’ म्हणजे माझी फिरकी घेताय का. उत्तर इंग्लंडात पेशंट ‘आयव्ह हॅड माय टी’ म्हणाला, तर चहाची नोंद करू नका. अनेक घरांत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण, आणि डायबेटीसच्या पेशंटच्या बाबतीत हा फरक बारीक नाही. आणि नव्वदीच्या आजोबांचा मुलगा ‘ही हॅड अ गुड इनिंग्ज’ म्हणाला तर क्रिकेटचा विषय काढू नका. भरभरून जगून गेले, असं तो स्वतःची समजूत घालत सांगतोय.

काय करू, असं विचारलंत. तुमच्या वॉर्डाचे हँडओव्हर तुम्ही मराठी-इंग्रजी मिसळून रोज देताच. घरी आल्यावर त्यातल्या ज्या वाक्यांत ‘आहे’, ‘झालं’, ‘करून घेतलं’, ‘करायचं आहे’ आलं, ती इंग्रजीत लिहा. अर्थांप्रमाणे नाही, पेशंटप्रमाणे. चार नंबरच्या आजींना काय आहे, त्यांचं काय करून झालं, काय करायचंय, काय करायचं नाही. ओईटीच्या रोल-प्लेमध्ये समोरचा पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि तुम्ही पाचेक मिनिटं नर्सच असता. तिथे तुम्हाला झेरॉक्सची पानं नाही, चार नंबरच्या आजी आठवायला हव्यात.

राहिला तुमच्या शाळेतल्या बाईंचा ‘गॉट’. तो चूक नाही. ब्रिटिश बोलण्यात तर तोच घरचा: ‘हॅव यू गॉट एनी पेन?’, ‘आयव्ह गॉट टू डॉटर्स’. बाईंचं म्हणणं त्या काळच्या परीक्षेच्या पेपरापुरतं मानू. उलट आता तो ‘गॉट’ तुम्ही पारखायला वापरा. वाक्यात ‘गॉट’ घालून बघायचा. ‘शीज गॉट टू डॉटर्स’, बसला. मग ती नुसती असण्याची गोष्ट, ‘-इंग’ नको. ‘हीज गॉट डायबेटीस’, बसला, ‘-इंग’ नको. ‘हीज गॉट अ बाथ’ म्हटलं तर त्याच्या घरी टब आहे असा भलताच अर्थ निघतो, अंघोळ राहिली बाजूला. म्हणजे ते घडणारं काम, ‘हीज हॅविंग अ बाथ’ खुशाल म्हणा. बऱ्याच ठिकाणी ही पारख चालेल. बोलताना ‘गॉट’ सढळ वापरा, पण लेखनाच्या परीक्षेत जे रेफरलचं पत्र लिहायचं असतं त्यात नको. तिथे सुटसुटीत ‘मिसेस ब्राउन हॅज टाइप टू डायबेटीस’ लिहा, आणि तो ‘हॅज’ आखूड न करता पुरता लिहा.